दोष कोणाचा?

शाळेंतून निवृत्त झालेल्या मास्तरास दोन संवयी मरेपर्यंत सोडीत नाहींत. एक, दिसेल त्या कागदावरील चूक काढण्याची. आणि दुसरी, ती चूक आपली नसून दुसऱ्या कोणाची तरी आहे असें गृहीत धरून चालण्याची. पहिल्या संवयीनें आजवर आमचें फारसें नुकसान झालें नाहीं. दुसरीनें मात्र गेल्या वर्षीं आम्हांस असा धडा दिला कीं, तो वाचकांपुढें मांडल्यावांचून मनास स्वस्थता लाभणार नाहीं. ज्या घरांत तीन पिढ्या एका छपराखालीं नांदतात, आणि जुन्या पिढीचे शब्द नव्या पिढीच्या यंत्रांत सांठविलेले असतात, अशा घरांस तो थोडाबहुत उपयोगीं पडेल असें वाटतें.

आमचें घर वाईस, कृष्णाकांठीं. घरांत आमचे वडील बंधू दादा व वहिनी, आम्ही उभयतां, दोन मुलगे, दोन सुना आणि तीन नातवंडें, अशीं अकरा माणसें. गेल्या मार्गशीर्षांत दादांचें सहस्रचंद्रदर्शन करावें असें ठरलें. दादांचें शरीर ठीक आहे. परंतु गेलीं दोन वर्षें त्यांची स्मृति हळूहळू उणी होत चालली आहे. सकाळीं भेटलेला मनुष्य दुपारीं त्यांस नवा वाटतो. मात्र साठ वर्षांपूर्वींची गोष्ट ते काल घडल्यासारखी सांगतात. मधूनच ते विचारतात, "आई कोठें गेली?" आईस जाऊन पंचवीस वर्षें उलटून गेलीं आहेत. या प्रश्नास काय उत्तर द्यावें, हें घरांत कोणासच समजत नाहीं.

१९९३ सालीं दादांच्या कन्येचा विवाह झाला, तेव्हां व्हिडिओ घेतला होता. त्या काळचा व्हिडिओवाला ज्यांनीं पाहिला असेल त्यांस तो आठवेल : खांद्यावर जड कॅमेरा, पाठीमागें दिवा धरून चालणारा पोऱ्या, आणि त्या दिव्याच्या झोतानें डोळे मिचकावणारे भटजी. ती व्ही.एच.एस. कॅसेट आमच्या कपाटांत पडून होती. ही पद्धति जपानांत १९७६ सालीं निघाली आणि आतां तिची यंत्रें मिळेनाशीं झालीं आहेत. त्या कॅसेटींत आई अवघी चाळीस सेकंद दिसते. पंगती उठत आल्या आहेत, दादा घामाघूम होऊन वाढीत आहेत, आणि आई त्यांस हाक मारून विचारते, "बाळ, तूं जेवलास का रे?" आईच्या आवाजाचा आमच्याकडे एवढाच ठेवा. वाईच्या पावसाळ्यांनीं त्या फितीवर बुरशी धरली होती. पुण्याच्या एका कारागिरानें ती साफ करून फितीवरील चित्र हार्ड डिस्कवर उतरवून दिलें. आणि बजावून सांगितलें कीं, ही फीत आतां पुन्हां यंत्रांत घालूं नका, तुटेल.

या चित्रांस जुनीं छायाचित्रें व नातलगांचे शुभाशीर्वाद जोडून तासाभराची एक चित्रफीत करण्याचें काम धाकट्या सूनबाईनें पत्करलें. ती बँकेंत नोकरीस आहे. रात्रीं नऊनंतर स्वयंपाकघर आवरून ती कॉम्प्युटरपुढें बसे. असे दोन महिने गेले. तिनें कोणतें सॉफ्टवेअर वापरलें हें सांगण्याचें प्रयोजन नाहीं. कारण पुढील प्रकार थोड्याफार फरकानें सर्वत्रच घडतात.

समारंभास नऊ दिवस उरले असतां एके रात्रीं तिनें काम उघडलें, आणि पडद्यावर जिकडे तिकडे तांबडी पाटी! जेथें आई दिसावयाची तेथें तांबडें, जेथें विवाहहोम तेथें तांबडें. आणि त्यावर 'फाइल सांपडत नाहीं' अशा अर्थाचीं इंग्रजी अक्षरें. सगळें घर गोळा झालें. आमच्यांतील मास्तर जागा झाला. "कामांत लक्ष नसलें म्हणजे असेंच व्हायचें," आम्ही सर्वांदेखत म्हणालों. "आईची एवढी एक आठवण होती, तीहि तुझ्या हातून गेली." सूनबाईनें वर पाहिलें नाहीं. "अण्णा, मी पाहतें," एवढेंच म्हणून ती उठून आंत गेली. वहिनी आमच्याकडे पाहत राहिल्या, बोलल्या नाहींत. त्या रात्रीं आम्हांस झोंप लागली नाहीं.

सकाळीं नातवानें सहज विचारलें, "आजोबा, परवां तुम्ही त्या हार्ड डिस्कवर काय करत होतां?" आणि आमच्या पायांखालची जमीन सरकली. परवां दुपारीं घरांत कोणी नसतां आम्ही त्या डिस्कचें दर्शन घेतलें होतें. आंत फाइलींचीं नांवें पाहावीं, तों कॅमेऱ्यानें दिलेलीं निरर्थक अक्षरें व आंकडे. आम्हांस तें पाहवेना. आम्हीं विधींच्या क्रमानें नवीं फोल्डरें केलीं, आणि 'सीमांतपूजन', 'कन्यादान', 'सप्तपदी', 'पंगत' अशीं शुद्ध देवनागरी नांवें देऊन सर्व १४३ फाइली जागच्या जागीं, निदान आमच्या मतें जागच्या जागीं, लावून ठेविल्या. सूनबाईस आनंदाचा धक्का द्यावा म्हणून बोललों नव्हतों. धक्का बसला खरा.

आमची समजूत अशी होती कीं, ज्या 'प्रोजेक्ट' नांवाच्या फाइलींत ती काम करते, तींतच सर्व चित्रें व आवाज भरलेले असतात, पेटींत कपडे भरावे तसे. वास्तविक प्रोजेक्ट ही निव्वळ अनुक्रमणी होय. वैदिक संहितेच्या अनुक्रमणींत सूक्ताचें प्रतीक, ऋषि, देवता व छंद यांची नोंद असते. खुद्द सूक्त नसतें. त्याचप्रमाणें अमुक फाइल अमुक फोल्डरांत अमुक नांवानें आहे, तिचा या क्षणापासून त्या क्षणापर्यंतचा भाग घ्यावा, आवाज इतका कमी करावा, एवढाच मजकूर प्रोजेक्टमध्यें असतो. म्हणूनच मूळ साहित्य शेंकडों जीबींचें असलें तरी प्रोजेक्टची फाइल बहुधा कांहीं एमबींतच आटोपते. मूळ फाइलीचें नांव बदला किंवा तिला दुसऱ्या घरांत नेऊन बसवा, म्हणजे अनुक्रमणी जुन्या पत्त्यावर जाऊन हाका मारीत बसते. फाइल हरवलेली नसते. पत्ता हरवलेला असतो. आईचें चित्र सुखरूप होतें. तें आम्हींच 'पंगत' नांवाच्या खोलींत कोंडून ठेविलें होतें.

आम्ही स्वयंपाकघराच्या दारांत गेलों आणि सूनबाईस खरें तें सांगितलें. ती क्षणभर थांबली, मग म्हणाली, "अण्णा, जुनीं नांवें आठवतात का?" आठवत नव्हतीं. परंतु मास्तरकीची एक संवय तरी त्या दिवशीं कामास आली. नांव बदलण्यापूर्वीं प्रत्येक फाइलीचें जुनें व नवें नांव आम्हीं वहींत दोन रकान्यांत लिहून ठेविलें होतें. वही पाहून तिचा चेहरा उजळला. तिनें समजावून सांगितलें कीं, फाइल केवळ दुसऱ्या जागीं गेली असेल, तर एकीची नवी जागा दाखवितांच त्याच फोल्डरांतील बाकीच्या फाइली सॉफ्टवेअर बहुधा आपण होऊन शोधून काढतें. पण नांवेंच बदललीं म्हणजे त्यास ओळख पटत नाहीं. सबब सर्वांत सोपा उपाय म्हणजे नांवें व जागा पूर्ववत् करणें. तीन दिवस दुपारभर बसून आम्हीं १४३ नांवें पूर्ववत् केलीं. शाळेंत चुकलेला शब्द शंभर वेळां लिहून आणावयास आम्हीं किती मुलांस लाविलें असेल, त्याची त्या वेळीं आठवण झाली. चौथ्या रात्रीं तांबड्या पाट्या गेल्या आणि आई दिसूं लागली.

परंतु विघ्नें सरलीं नव्हतीं. ६४ मिनिटांचें काम पुरें करून अखेरची एकसंध फाइल तयार करण्यास रात्रीं यंत्र लावून आम्ही निजत असूं. आणि सकाळीं पाहावें, तों सॉफ्टवेअर आपोआप बंद पडलेलें. दोन रात्री असेंच झालें. घरांत तर्क सुरू झाले. थोरला मुलगा म्हणाला, कॉम्प्युटर जुना झाला. नातू म्हणाला, व्हायरस असेल. वहिनी म्हणाल्या, दृष्ट लागली. या वेळीं मात्र आम्हीं तोंड आवरलें, आणि दोष कोणाचा हें विचारण्याऐवजीं दोष कोठें आहे हें विचारलें. या दोन प्रश्नांत फार मोठें अंतर आहे, हें आम्हांस सहासष्टाव्या वर्षीं समजलें.

पाठशाळेंत आम्हीं अन्वय-व्यतिरेक शिकलों होतों : जें असतां कार्य घडतें आणि जें नसतां तें घडत नाहीं, तेंच कारण मानावें. सूनबाईची रीतहि हीच निघाली. तिनें प्रथम प्रोजेक्टची नवी प्रत केली. मूळ प्रतीवर प्रयोग करावयाचा नाहीं, हा तिचा पहिला नियम. दुसरा नियम असा कीं, एका वेळीं एकच गोष्ट बदलावयाची. एकदम चार बदलल्या, तर कोणत्या औषधानें गुण आला हें कळत नाहीं. सॉफ्टवेअर आपल्या सोयीसाठीं चित्रांच्या तात्पुरत्या प्रती 'कॅश' नांवाच्या जागीं करून ठेवीत असतें. त्या बिघडल्या तरी असे प्रकार होतात, आणि पुसल्या तरी मूळ फाइलींतून त्या पुन्हां तयार होतात. त्या पुसून पाहिल्या. गुण आला नाहीं. नंतर ग्राफिक्स कार्डाचें साहाय्य बंद करून पाहिलें; त्यानेंहि कांहीं झालें नाहीं. म्हणजे दोष यंत्रांत नसून साहित्यांत असण्याचा संभव वाढला.

मग तिनें ६४ मिनिटांचे दोन भाग केले. पहिलीं ३२ मिनिटें निर्विघ्न उतरलीं; दुसऱ्या भागाशीं यंत्र अडलें. त्या भागाचे पुन्हां दोन केले : १६, मग ८, मग ४, २ आणि १. सहा वेळां अर्धें करतांच ६४ मिनिटांतील एक मिनिट हातीं आलें. त्या मिनिटांत होतें काय? आमच्या आईवडिलांच्या लग्नांतील एक छायाचित्र. बारा इंच लांब व दहा इंच रुंद असें तें चित्र नातवानें भक्तिभावानें स्कॅन केलें होतें, एका इंचांत १,२०० ठिपके या हिशेबानें. गणित करून पाहावें : १४,४०० गुणिले १२,०००, म्हणजे १७ कोटि २८ लक्ष ठिपके! आमच्या चित्रफितीची चौकट १,९२० गुणिले १,०८० ठिपक्यांची, म्हणजे पुरते २१ लक्षहि नव्हेत. चौकटींत मावेल त्याच्या सुमारें ८३ पट मोठें चित्र त्या यंत्राच्या डोक्यावर ठेविलें होतें, आणि प्रत्येक ठिपक्यास चार बाइट धरल्यास तेवढ्या एका चित्रास सुमारें ६९ कोटि बाइट स्मृति लागत होती. ८ जीबी स्मृतीच्या गरीब यंत्रानें त्या ओझ्याखालीं मान टाकली, यांत नवल नाहीं.

नातू ओशाळला. "तुझें चुकलें नाहीं," सूनबाई त्यास म्हणाली. "जतन करायला मोठी प्रतच हवी. कामाला फक्त लहान करून घ्यायची." आम्ही जवळच बसलों होतों. आठ दिवसांपूर्वीं जें आम्हांस सुचलें नव्हतें, तें तिनें किती सहज केलें! मुलाचा हेतु सांभाळला आणि चूकहि दाखविली. पसतीस वर्षें आम्ही जी विद्या शिकवीत होतों असें समजत होतों, ती ही होती.

दरम्यान सांगलीहून आमच्या अक्कांचा आशीर्वाद फोनवर मुद्रित होऊन आला होता. परंतु ती फाइल कांहीं केल्या उघडेना. आकार भरपूर, आंत कांहींच नाहीं. चौकशी करतां समजलें कीं, मुद्रण चालूं असतांच फोनची बॅटरी संपली होती. अशा एमपी-फोर फाइलींत चित्र व आवाज यांचे तुकडे सतत लिहिले जातात आणि कोणता तुकडा कोठें आहे याची सूची बहुधा शेवटीं, मुद्रण थांबविल्यावर लिहिली जाते. बॅटरी मध्येंच संपली, म्हणजे लेखनिकानें पोथी लिहिली पण पानांवर आंकडे घालण्यापूर्वींच तो उठून गेला, अशी गत होते. त्याच फोननें घेतलेली दुसरी निरोगी फाइल नमुन्यास देऊन अशी सूची नव्यानें बांधणारीं साधनें आहेत; त्यांस कधीं यश येतें, कधीं येत नाहीं. आम्हीं त्याहून सोपा मार्ग धरला. अक्कांस पुन्हां बोलण्याची विनंती केली. त्या पहिल्यापेक्षां दुप्पट बोलल्या!

त्या दुसऱ्या मुद्रणांत ओठ व शब्द यांचा मेळ हळूहळू सुटत गेला. आमच्या लग्नाच्या कॅसेटींत दर सेकंदास २५ चित्रें, हा नियम अढळ. फोन मात्र उजेड कमी झाला, काम वाढलें, कीं चित्रांची संख्या कमीजास्त करतो, आणि संपादनाच्या सॉफ्टवेअरचा हिशेब चुकतो. शिवाय फोन प्रत्येक चित्र पूर्ण लिहीत नाहीं. एक चित्र पूर्ण, आणि पुढील अनेक चित्रांत केवळ काय बदललें तेवढेंच. हें ऐकतांच आम्हांस पाणिनीची अनुवृत्ति आठवली. मागील सूत्रांतील पद पुढील सूत्रांत पुन्हां न लिहितां मनानें आणावयाचें. त्यामुळें सुमारें चार हजार सूत्रांत व्याकरण मावलें, पण मधलेंच सूत्र एकटें उघडून वाचूं गेल्यास अर्थ लागत नाहीं. यंत्रासहि मधलें एक चित्र दाखविण्यासाठीं मागें जाऊन पूर्ण चित्र शोधावें लागतें. म्हणून अशा फाइली आकारानें लहान, पण संपादनास जड. हँडब्रेक नांवाच्या फुकट मिळणाऱ्या साधनानें सूनबाईनें त्या फाइलीची ठराविक गतीची नवी प्रत केली, आणि अक्कांचे ओठ व शब्द पुन्हां एकत्र नांदूं लागले.

अक्कांस पुन्हां बोलतां आलें. आईस येणार नाहीं. या एका विचारानें आम्ही त्या रात्रीं उठून बसलों. तोंवर आईचीं तीं चाळीस सेकंद एकाच डिस्कवर होतीं, आणि तीच डिस्क आम्हीं एकदां अजाणतेपणीं विस्कटून टाकली होती. सकाळीं सूनबाईस विचारलें, तेव्हां तिनें जाणत्यांचा नियम सांगितला : प्रती तीन असाव्या, त्या दोन भिन्न प्रकारच्या साधनांवर असाव्या, आणि त्यांतील एक तरी घराबाहेर असावी. आमच्या पूर्वजांनीं वेद राखले ते असेच. पदपाठ, क्रमपाठ, जटापाठ, घनपाठ अशा निरनिराळ्या रीतींनीं, निरनिराळ्या घरांत, निरनिराळ्या कंठांत. एका कंठांत चूक झाली तर दुसऱ्या कंठानें ती दाखवावी, ही त्यांतील योजना. आतां आईची एक प्रत कॉम्प्युटरवर आहे, दुसरी ब्लू-रे तबकडीवर कपाटांत आहे, आणि तिसरी पुतणीच्या घरीं नागपुरास आहे.

अखेरची फाइल साडेपांच जीबींची झाली. ती कार्यालयांतील टी.व्ही.साठीं पेन ड्राइव्हवर घालूं गेलों, तर जागा मोकळी असूनहि पेन ड्राइव्ह ती घेईना. तिची मांडणी फॅट-३२ या जुन्या पद्धतीची. तींत ४ जीबीची एक फाइल मावत नाहीं, मग साडेपांच कोठून? आंतील मजकूर दुसरीकडे काढून ठेवून तिची मांडणी एक्सफॅट पद्धतीची केली आणि त्या टी.व्ही.वर एकदां लावून पाहिली, तेव्हां काम झालें. मजकूर काढण्यापूर्वीं मात्र आम्हीं घरांतील प्रत्येकास विचारलें, "यांत तुमचें कांहीं आहे का?" न विचारतां हात लावावयाचा नाहीं, एवढें तरी आम्ही शिकलों होतों.

समारंभाच्या आदल्या रात्रीं, सर्व मंडळी जेवून बसलीं असतां, आम्ही उभे राहिलों. "सूनबाई," आम्ही म्हणालों, "बोल लावला तो चारचौघांत लावला, तेव्हां माफीहि चारचौघांतच मागितली पाहिजे. चूक माझी होती. मी घाईनें बोललों." घरांत एकदम शांतता पसरली. आमच्या घराण्यांत सासऱ्यानें सुनेची क्षमा मागितल्याचें कोणी पाहिलेलें नव्हतें. सूनबाईचे डोळे भरून आले. "अण्णा, तुमची वही नसती तर मला जमलं नसतं," ती म्हणाली. तें खरें असेल किंवा तिचें सौजन्य असेल. आम्हीं तें तपासलें नाहीं. वहिनींनीं मात्र त्या रात्रीं आमच्या दुधांत आपण होऊन साखर घातली.

दुसऱ्या दिवशीं दादा पुढच्या खुर्चीवर बसले. चित्रफितीचा बराच भाग त्यांनीं परक्याचें लग्न पाहावें तसा पाहिला. मग पंगत आली, आणि आईचा आवाज आला : "बाळ, तूं जेवलास का रे?" दादा खुर्चींत सांवरून बसले. "नाहीं आई," ते हळूच म्हणाले, "आधीं पाहुण्यांचें होऊं दे."

थोड्या वेळानें त्यांनीं शेजारीं बसलेल्या सूनबाईस विचारलें, ही चित्रफीत कोणाची? तिनें त्यांस सर्व पहिल्यापासून सांगितलें. तेव्हांपासून ती त्यांस तें रोज सांगते, आणि ते रोज नव्यानें ऐकतात.